बिऱ्हाडाबरोबर दप्तर

बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या वर्गाचा पट इमारतीच्या कामाप्रमाणे वरखाली होतो. पाया खणून झाला, सेंट्रिंग लागलं, सळई बांधायला सुरुवात झाली की बिहार-बंगालकडचे गडी येतात. ते बहुतेक एकटेच असतात, बायकामुलं गावी. तेव्हा वर्गात पाच-सात पोरं असतात. वीटकाम आणि प्लास्टर निघालं की मात्र जोडीनं काम करणारी माणसं उतरतात. नवरा गवंडी नाहीतर बिगारी, बायको घमेली वाहणारी. कलबुर्गी-यादगीरच्या तांड्यांवरची, नांदेड-लातूरकडची, छत्तीसगडची. मग एका पत्र्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. फरशी आणि रंगाचं काम आलं की ही गर्दी ओसरते. घरांचा ताबा द्यायची वेळ येते तोवर खोल्यांचे पत्रेसुद्धा उचललेले असतात, आणि जिथे आम्ही बाराखडी म्हणत होतो तिथे हिरवळ अंथरलेली असते.

पुण्याच्या पश्चिमेला, महामार्गाच्या अलीकडे-पलीकडे वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत असा जो पट्टा वाढत चाललाय, तिथल्या अशाच एका वर्गावर मी काही वर्षं शनिवारी जाते. मी राहते ती सोसायटीही याच पट्ट्यातली. माझ्या घराच्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या त्यांची मुलंही तेव्हा इथेच कुठेतरी राहत असणार, वाळूच्या ढिगावर खेळत असणार. हे एकदा लक्षात आल्यावर ते डोक्यातून जाईना. मी जायला लागले त्याचं कारण एवढंच.

लेबर कॅम्प ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. समोरासमोर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. दाराशी चूल, आणि चुलीत सेंट्रिंगच्या फळ्यांचे उरलेले तुकडे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसवत नाही, म्हणून लहान मुलं जिथे स्लॅब झालाय त्या मजल्याच्या सावलीत जातात. तिथे कठडे नसतात, लिफ्टचे खड्डे उघडे असतात. पाणी टँकरचं. ‘टँकर आला’ अशी हाक आली की आमचा वर्ग क्षणात रिकामा होतो, कारण कॅन भरायचं काम मुलांचं असतं. शिकवणं तिथेच थांबतं. पंधरा-वीस मिनिटांनी मुलं ओल्या चड्ड्यांनी परत येतात आणि आपापली पाटी शोधतात.

वर्ग चालवणारी शिक्षिका पगारी आहे, बारावी झालेली, जवळच्याच चाळीत राहणारी. रोज येते, खरा भार तिच्यावर. आम्ही स्वयंसेवक तिच्या हाताखाली काम करतो आणि ते तसंच असायला हवं असं मला ठाम वाटतं. मुलं कोणाची कोण, कोणाच्या घरी काल मारझोड झाली, कोणाला ताप आहे, कोण उद्या गावाला निघालंय, हे तिला माहीत असतं. ती सांगते त्या मुलाशेजारी बसायचं आणि ती सांगते ते करून घ्यायचं.

या कामाला आता बराच काळ लोटलाय. १९६९ साली दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राजघाटाजवळ बांधकाम चालू असताना, तिथल्या धुळीत पडलेली मजूर बायकांची बाळं मीरा महादेवन यांनी पाहिली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबईत आणि पुण्यातही तिचं काम आलं. १९८८ साली मुंबईत बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केली. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळाच त्याच्या दारात न्यायची, असा सरळ विचार. पुण्यातल्या बांधकामांवर त्यांनी वर्ग चालवले, बसमध्ये शाळा भरवली. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून ‘प्रथम’ या संस्थेचं काम सुरू झालं. यातलं काहीच एका माणसाच्या बळावर उभं राहिलेलं नाही. वस्तीतल्याच शेकडो मुली-बायका तिथे शिक्षिका झाल्या म्हणून ते टिकलं.

मीरा महादेवन यांनी सुरुवात पाळणाघरापासून केली, शाळेपासून नाही, यात केवढं शहाणपण होतं ते मला साइटवर कळलं. आठ-दहा वर्षांची मुलगी वर्गात का येत नाही याचं उत्तर दहातल्या सात-आठ वेळा तिच्या कडेवर असतं. आई-बाप कामावर, धाकटं भावंड वर्षाचं, सांभाळणार कोण? १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी जो केंद्रीय कायदा झाला त्यात पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली असली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं गेलं. पण बायका वेगवेगळ्या ठेकेदारांकडे विखुरलेल्या असतात, कोणाच्याच हजेरीवर पन्नास भरत नाहीत. जिथे बिल्डरने पाळणाघराला जागा दिली आणि एक मावशी नेमली, तिथे वर्गातल्या मुलींची संख्या आपोआप वाढलेली मी बघितली आहे. आमच्या वर्गात पाळणाघर नव्हतं तेव्हा शिक्षिकेने छताच्या लोखंडी पाइपाला साडीची झोळी बांधून टाकली. मोठी बहीण एका पायाने झोळीला झोका देत पाटीवर लिहायची. बाळ रडलं की सगळा वर्ग मिळून गाणं म्हणायचा. मुलींना शाळेत आणायचं असेल तर आधी बाळाची सोय करा, हे मला कुठेही विचारलं तरी मी सांगते.

त्या झोळीपाशी बसणाऱ्या एका मुलीबद्दल लिहायचंय. यादगीरकडच्या तांड्यावरची, अकरा वर्षांच्या आसपासची. घरी लमाणी बोलायची, गावच्या शाळेत दोन वर्षं कन्नड गिरवलेलं, त्यानंतर तीन साइट झाल्या आणि शाळा एकही नाही. मराठी मात्र छान बोलायची, शेजारणींकडून उचललेली, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडच्या हेलात. हिशेबाला पक्की. आठवड्याची खर्ची किती मिळाली, त्यातून किराणा दुकानाचं किती गेलं, हे ती तोंडी सांगायची. पण मराठी अक्षर एकही येत नव्हतं, त्यामुळे तिला बसावं लागे सहा वर्षांच्या पोरांत. मुलांचे गट वयाप्रमाणे न पाडता वाचनाच्या पायरीप्रमाणे पाडायचे, म्हणजे अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, मग परिच्छेद, मग गोष्ट. ‘प्रथम’ने रुजवलेली ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात आणि ती चांगली आहे. पण अकरा वर्षांच्या मुलीला बारक्या पोरांत बसायची लाज वाटते. ती दाराशी बसायची, पाठ अर्धी बाहेर. आमच्या शिक्षिकेने तिला पाट्या वाटायचं काम दिलं. पाटीच्या मागे प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. नाव ओळखल्याशिवाय पाटी देता येईना. महिनाभरात तिला वर्गातली सगळी नावं वाचता यायला लागली आणि नावांमध्ये जवळजवळ सगळी अक्षरं येऊन जातात.

माझं काम तिच्याशेजारी बसून काना, मात्रा, वेलांटी घ्यायचं. ‘क’ ला काना ‘का’ हे पाठ होतं, पण शब्दात आलं की सुटून जायचं. अक्षरं एकेक नीट म्हणायची आणि शेवटी भलताच शब्द सांगायची. असे कितीतरी शनिवार गेले. मग एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही कॅम्पातून फाटकाकडे येत होतो. टॉवरच्या खाली पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत फलक होता, ‘पुढे काम चालू आहे’. ती थांबली. बोट न लावता, लांबूनच, ‘का… म… चा… लू’ असं पुटपुटली. पुन्हा एकदा. आणि मग वळून मला म्हणाली, “ताई, काम चालू आहे, असं लिहिलंय इथं!” जणू कोणीतरी तिच्याशी बोललं होतं. कामाच्या त्या धबडग्यात ती एवढी वर्षं वावरली, आणि काम चालू आहे ही बातमी तिला आत्ता मिळाली होती. मला गहिवरून आलं. तिला माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती, ती पुढच्या फलकाकडे निघाली होती.

पुढच्या पंधरा दिवसांत तिने साइट वाचून काढली. ‘धोका’, ‘सावधान’, ‘प्रवेश बंद’, सिमेंटच्या गोणीवरचे हिंदी शब्द, पाण्याच्या टाकीवर कोणीतरी खडूने लिहिलेलं नाव. ‘हेल्मेट’ला वेळ लागला, पण तेही जमलं. तिची आई डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं घेऊन चालली होती. ही तिला अडवून म्हणाली की इथं हेल्मेट घाला असं लिहिलंय, तू का नाही घालत? आई घमेलं सावरत हसली. चुंबळीवर हेल्मेट कसं बसणार? मुलीने विचारलेला प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या आईला लागू होणारी सूचना आईच्या कामात बसतच नाही, हे तिला वाचता आलं म्हणून दिसलं.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या वडिलांनी मुकादमाची हजेरीची वही तिच्यापुढे धरली. त्यांच्या नावापुढे किती दिवस मांडलेत, उचल किती लावलीय, ते बघ म्हणाले. तिने नाव शोधलं, आकडे वाचले. हिशेब बरोबर होता की नाही हे मला माहीत नाही, आणि ते विचारायची जागा माझी नव्हती. पण त्या घरात तोवर कोणी ती वही स्वतः वाचलेली नव्हती.

अशा मुलांना साइटवर शिकवून भागत नाही, त्यांना शाळेत घालावं लागतं. आणि इथे स्वयंसेवकाचं दुसरं काम सुरू होतं, ज्याचे फोटो कोणी काढत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात या मुलांसाठी जवळजवळ सगळं लिहिलेलं आहे. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवायचं नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवायचा नाही. आणि वर्षाच्या मध्ये आलं तरी नाही म्हणायचं नाही. हे सगळं मी पाठ केलंय. तरी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर कायद्याची कलमं काढून बसण्यापेक्षा त्यांची अडचण आधी ऐकून घेतली तर काम लवकर होतं. त्यांची अडचणही खोटी नसते. मूल दाखल होतं, चार महिन्यांनी बिऱ्हाड उठतं, मूल न सांगता नाहीसं होतं, आणि सरकारी प्रणालीतला त्याचा ऑनलाइन नंबर त्यांच्या शाळेच्या नावावर अडकून राहतो. पुढची शाळा मागणी पाठवणार, जुनी शाळा ती मान्य करणार, तेव्हा नोंद हलणार. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हे दोन फोनवर होतं. कर्नाटकातून आलेल्या मुलाचं मात्र इतकं सोपं नसतं.

शिवाय वेळेचा घोळ. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत ज्यांच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू आहे ती माणसं पेरणीला गावी गेलेली असतात. ती परत येतात जुलै-ऑगस्टात, तोवर पहिली घटक चाचणी तोंडावर. दिवाळीला गेलेली माणसं महिना-महिना येत नाहीत, लमाणी कुटुंबं होळीलाही तांड्यावर जातात, आणि जायलाच हवं. त्यांचं वर्ष पावसावर आणि सणांवर चालतं, शाळेचं वर्ष वेळापत्रकावर. हे दोन जुळवायला मध्ये कोणीतरी माणूस लागतो, जो फोन करत राहील. स्वयंसेवकाने हा माणूस व्हावं असं मला वाटतं.

अंतराचाही प्रश्न आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा आपल्या राज्याचा नियम आहे. पण मध्ये मुंबई-बंगळुरू महामार्ग आडवा असेल तर तो एक किलोमीटर सात वर्षांच्या मुलाला कसा पार करता येईल? ने-आण करायची सोय झाली तरच मुलं शाळेत टिकतात. आमच्याकडे एका सोसायटीतल्या चार-पाच निवृत्त काकांनी आळीपाळीने मुलांना भुयारी रस्त्यातून नेऊन पोचवायचं काम अंगावर घेतलं. सकाळी फिरायला जायचंच, तर मुलांबरोबर जाऊ, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कधी एक अक्षर शिकवलं नाही. माझ्या मते वर्गासाठी सगळ्यात जास्त त्यांनी केलं.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असेल तर मुलांना शैक्षणिक मदतही मिळते, पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,००० रुपये. त्यासाठी आई-बापांनी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि मुलाची ७५ टक्के हजेरी हवी. बिऱ्हाड हलवणाऱ्या मुलाची ७५ टक्के हजेरी भरायची तर ती एका शाळेत भरत नाही, दोन शाळांच्या हजेऱ्या जोडाव्या लागतात. कोणी जोडून देत नाही. फॉर्म भरायला बसलेला एखादा स्वयंसेवक जोडून देऊ शकतो.

आमच्याकडे वाढदिवसाला केक घेऊन माणसं येतात. त्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. मुलांनाही केक आवडतो, का आवडू नये? पण मला त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की एकदा येऊन जाऊ नका. ही मुलं सतत कोणाला तरी सोडून येत असतात. आजी गावाला, मैत्रीण मागच्या साइटवर, कुत्र्याचं पिल्लू तिथेच राहिलेलं. त्यांच्या आयुष्यात येऊन जाणाऱ्यांची कमी नाही. दर शनिवारी तोच चेहरा, त्याच वेळेला, त्याच कोपऱ्यात, ही त्यांच्यासाठी दुर्मीळ गोष्ट आहे. महिन्यातून एकच शनिवार जमणार असेल तर एकच धरा, पण तो चुकवू नका, आणि येणार नसाल तर आधीच्या खेपेलाच मुलांना सांगा. फोटो काढायचे तर आई-बापाला विचारून, आणि ‘नको’ म्हणाले तर मुकाट्याने फोन खिशात ठेवायचा. मुलाला एकट्याला कुठेही न्यायचं नाही, खोलीचं दार उघडं ठेवायचं, आपली पोलीस पडताळणी मागितली तर आनंदाने द्यायची. मूल मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगायला लागलं तर ऐकून घ्यायचं, शिक्षिकेला सांगायचं, १०९८ ला फोन करायचा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन आजही तोच नंबर घेऊन चालू आहे, आणि तो आम्ही मुलांनाही पाठ करायला लावतो.

यादगीरच्या त्या मुलीचं कुटुंब प्लास्टर संपल्यावर हैदराबादच्या बाजूला गेलं. मुकादमाच्या फोनवरून एकदा बोलणं झालं, नंतर तो नंबर बंद. तिथे कोणी तिला शाळेत घातलं असेल, अशी मी आशा करते. आणि नुसती आशा पुरत नाही हेही मला माहीत आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायची पद्धत महाराष्ट्रात आहे. शाळेत नाव असलेल्या मुलाला ते मिळवून देणं आम्ही आता सोडत नाही. त्याशिवाय आमच्या शिक्षिकेने स्वतःचा एक कागद सुरू केलाय. मुलाचं नाव, वय, शाळेचं नाव आणि नंबर, वाचन कोणत्या पायरीवर, गणितात काय येतं आणि काय अडतं, आणि खाली तिचा फोन नंबर. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला हिंदीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्यायचा, आधार कार्ड आणि रेशन कार्डाबरोबर ठेवायला सांगायचं. कुटुंब निघणार याची कुणकुण लागली की हा कागद आदल्या रात्रीपर्यंत तयार हवा, कारण ट्रक पहाटे येतो.

यंदा पेरणीच्या आधी मुखेड तालुक्यातलं एक कुटुंब कायमचं गावी परतलं. त्यांचा मुलगा चौथीत. जुलैमध्ये एका शनिवारी वर्ग चालू असताना शिक्षिकेचा फोन वाजला, ती एका गटाबरोबर गुंतलेली होती म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी बोलत होते. कागद त्यांच्या हातात होता. गुणाकार येतो असं लिहिलंय, पण कुठवर, एवढं त्यांना हवं होतं. मी शिक्षिकेला विचारून सांगितलं की पाढे सातापर्यंत पक्के आहेत, दोन अंकी गुणाकारात हातचा विसरतो.

“बरं,” ते म्हणाले, “मग आठच्या पाढ्यापासून धरतो.”